सभागृहाबाहेर : गोव्याचं शेवटचं अधिवेशन कुणासाठी शेवटचं होतं?

३० मे, म्हणजे गोव्याचा घटक राज्य दिन, जवळ आला की गोव्यावरची पत्रं वाढतात, यंदा तर निम्मी टपाल पेटी गोव्यानंच भरली. ठाणे-नवी मुंबईत गोव्याशी नातं नसलेलं घर विरळाच. कुणाचं माहेर तिथलं, कुणाचं कुलदैवत, कुणाचा नुसताच दरवर्षीचा दौरा. म्हणून हा अंक गोव्याला. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी विधानमंडळाच्या प्रतिवेदक शाखेत नोकरी केली. सभागृहात आमदार बोलत असताना खाली बसून लघुलेखन करणारी जी मंडळी असतात, त्यांतली मी एक. राजकारण मला कळतं असा माझा दावा नाही, कामकाज कळतं.

प्रश्न : माझं माहेर म्हापशाचं, सासर नेरुळचं. घटक राज्य दिनावरून आमच्या घरी वाद झाला. सासरे म्हणतात, १९८७ मध्ये केंद्रशासित गोव्याच्या विधानसभेनं शेवटचं अधिवेशन घेतलं, ती बरखास्त झाली, निवडणूक झाली आणि मग राज्याचे नवे आमदार आले. माझ्या आईला त्या वर्षी मतदान केल्याचं अजिबात आठवत नाही. खरं कोणाचं? आणि त्या शेवटच्या अधिवेशनाचं पुढे काय झालं? — एक वाचक, नेरुळ

खरं तुमच्या आईचं. सासऱ्यांना सांगताना मात्र जरा बेतानं सांगा, कारण ते सांगतात तसं घडलं आहे, फक्त गोव्यात नाही, मिझोराममध्ये. तिथे १९८६ मध्ये करार झाला, फेब्रुवारी १९८७ मध्ये निवडणूक झाली आणि लगेच २० तारखेला राज्य झालं. जुनी विधानसभा गेली, तीस निवडून आलेल्यांच्या जागी चाळीस आले. त्याच दिवशी अरुणाचलही राज्य झालं आणि तीन महिन्यांनी, ३० मे रोजी, गोवा पंचविसावं. एकाच वर्षात तीन राज्यं झाल्यावर सासऱ्यांच्या डोक्यात एकाची गोष्ट दुसऱ्याला चिकटली असेल तर तो काही गुन्हा नाही.

गोव्यात डिसेंबर १९८४ मध्ये मतदान झालं होतं आणि पुढचं थेट नोव्हेंबर १९८९ मध्ये. मधल्या जवळपास पाच वर्षांत राज्य झालं तरी आमदार तेच, मुख्यमंत्री तेच प्रतापसिंह राणे, आणि मांडवीकाठचा आदिलशहाचा राजवाडाही तोच. उपराज्यपाल गोपाल सिंग होते, ते राज्यपाल झाले. संसदेनं जो पुनर्रचना कायदा केला त्यात सोय अशी होती, की गोव्यातल्या मतदारसंघांतून आलेले जुने आमदार हीच नव्या राज्याची हंगामी विधानसभा. मुदतही नवी नाही, जुनीच पुढे चालू. म्हणजे २९ मे रोजी जो माणूस केंद्रशासित प्रदेशाचा आमदार म्हणून झोपला, तो दुसऱ्या दिवशी राज्याचा आमदार म्हणून उठला. त्याला ना प्रचार करावा लागला, ना अनामत भरावी लागली.

आता त्या वाक्यातले ‘गोव्यातल्या मतदारसंघांतून आलेले’ हे शब्द पुन्हा वाचा. सगळी मेख तिथे आहे. त्या सभागृहाचं नावच मुळी गोवा, दमण व दीव विधानसभा. निवडून येणाऱ्या जागा तीस. त्यांपैकी अठ्ठावीस गोव्याच्या, एक दमणची, एक दीवची. पोर्तुगीजांनी तिन्ही तुकडे एका दफ्तरात ठेवले होते, डिसेंबर १९६१ मध्ये तिन्ही एकदम मुक्त झाले, आणि आपल्या सरकारनंही तेच दफ्तर पुढे चालवलं. नकाशा काढून बघा. दमण गुजरातेत वापीला खेटून. दीव तर त्याहून लांब, सौराष्ट्राच्या टोकाला, उन्याजवळ. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती. दमणच्या आमदारानं पणजीला रस्त्यानं जायचं ठरवलं, तर वाट वापीवरून घोडबंदर, आपलं ठाणं, पनवेल, मग पेण, महाड, सावंतवाडी. सातशे किलोमीटरांच्या वर रस्ता तुडवून एक प्रश्न विचारायचा आणि परत तोच रस्ता. आणि तरीही तो जाऊन विचारू शकत होता, हे महत्त्वाचं.

३० मे १९८७ पासून गोवा वेगळं राज्य आणि दमण-दीव वेगळा केंद्रशासित प्रदेश, विधानसभेशिवाय. अठ्ठावीस जण नवी पाटी लागलेल्या त्याच सभागृहात परतले. दोन परतले नाहीत. त्यांना मतदारांनी पाडलं नव्हतं, त्यांची मुदत संपली नव्हती, पक्षानं तिकीट नाकारलं नव्हतं. त्यांच्या पायाखालची सतरंजीच कायद्यानं गुंडाळली. शेवटचं अधिवेशन ज्याला म्हणावं ते फक्त या दोन जागांचं होतं. गोव्याच्या राज्यदिनाच्या भाषणांत मी हे कधी ऐकलं नाही.

याला भरपाई म्हणा हवं तर, दमण-दीवला लोकसभेची स्वतःची एक जागा मिळाली. गोव्याच्या दोन राहिल्या आणि राज्यसभेत एक मिळाली, जी त्याआधी नव्हती. पण रस्त्यातल्या खड्ड्यासाठी आमदार लागतो, खासदार नाही, हे मी ठाणेकरांना सांगायला नको.

‘त्या अधिवेशनानं राज्याचा निर्णय घेतला असेल ना?’ असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलं आहे. नाही. निर्णय संसदेचा. मे १९८७ मध्ये दिल्लीत कायदा झाला. संविधानाच्या अनुच्छेद ३ मध्ये एक बारीक तरतूद आहे. एखाद्या राज्याच्या सीमा बदलायच्या तर राष्ट्रपती ते विधेयक आधी त्या राज्याच्या विधानमंडळाकडे मत द्यायला पाठवतात. हा मान फक्त राज्यांना. केंद्रशासित प्रदेशाच्या विधानसभेला विचारणं बंधनकारक नाही. म्हणजे दमण-दीव वेगळं काढताना दमणच्या आणि दीवच्या आमदारांचं म्हणणं सभागृहात ऐकून घेण्याची कायद्याला गरजच नव्हती. घटक राज्याची मागणी या सभागृहात वर्षानुवर्षं होत आली होती हे खरं. पण मागणी करणं वेगळं आणि मत नोंदवणं वेगळं.

केंद्रशासित गोव्याच्या विधानसभेच्या अखेरच्या महिन्यांतलं मोठं काम म्हणाल तर राजभाषा कायदा. ४ फेब्रुवारी १९८७ ला तो मंजूर झाला. देवनागरीतली कोंकणी राजभाषा, मराठीचा शासकीय कामात वापर, आणि दमण-दीवसाठी गुजराती. त्याच्या दोनच महिने आधी, डिसेंबरात, गोवा या प्रश्नावर पेटला होता आणि आंदोलकांचे जीव गेले होते. घटक राज्याच्या आधी भाषेचा निकाल लावून टाकला, त्यामुळे नव्या राज्याला पहिल्या दिवसापासून ते ओझं वाहावं लागलं नाही. वाद संपला असं मात्र कुणी समजू नये. तुमच्या माहेरच्या कुठल्याही चहाच्या बैठकीत विषय काढा आणि शांतपणे मागे सरका.

कामकाजाच्या बाजूनं पाहिलं तर बदल मोठा झाला, पण तो दिसणारा नव्हता. १९६३ च्या केंद्रशासित प्रदेश शासन कायद्याप्रमाणे त्या विधानसभेपुढे अर्थसंकल्प ठेवायचा तर आधी राष्ट्रपतींची, म्हणजे दिल्लीची, मंजुरी लागे. मंत्रिमंडळ आणि प्रशासक, म्हणजे उपराज्यपाल, यांचं पटलं नाही तर प्रकरण पुन्हा दिल्लीला. आमच्याकडे अर्थसंकल्पाच्या दिवशी अर्थमंत्र्यांच्या भाषणातला एक आकडा फुटला तरी गदारोळ व्हायचा; तिथे आख्खी वहीच आधी दुसऱ्याच्या टेबलावर जाऊन यायची. ३० मे नंतर हे थांबलं. दोन गोष्टी मात्र तशाच राहिल्या. गोव्याला स्वतःचं आयएएस केडर आजही नाही, अरुणाचल, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेशांबरोबरचं सामायिकच आहे. आणि उच्च न्यायालय आपलंच, मुंबईचं.

जुन्या सभागृहाचे कायदेही मेले नाहीत. कुळांसाठी १९६४ चा, मुंडकारांना, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांना, घरातून काढू नये म्हणून १९७५ चा. मुंडकाराच्या कायद्याच्या नावात ‘गोवा, दमण व दीव’ हे तिन्ही शब्द अजून सापडतात. तुमच्या म्हापशाच्या वकिलांना विचारा, रोज हाताळतात ते.

माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगून हे उत्तर आवरते. मुदत संपत आलेल्या विधानसभेच्या शेवटच्या अधिवेशनात आमदार वेगळे वागतात. एरवी औचित्याच्या मुद्द्याला न उठणारे उठतात, लक्षवेधी सूचनांचा ढीग पडतो, आणि संध्याकाळी आमच्या शाखेत ‘ती असुधारित प्रत जरा बघू’ म्हणत येणाऱ्यांची रांग लागते. मतदारसंघातलं एखादं धरण, एखादी शाळा, एखाद्या पुलाचं नाव कार्यवृत्तात राहावं, एवढीच धडपड असते. मी पूर्वी हसायची. पुढे हसू यायचं बंद झालं. छापलेल्या कार्यवृत्तात जे गेलं, ते सरकारला मिटवता येत नाही, हे त्या लोकांना माझ्याआधी कळलं होतं.

प्रश्न : बाई, तुम्ही गोव्याच्या राज्याचं कौतुक करता, पण १९६७ मध्ये मराठी माणसानं गोवा घालवला हे लिहीत नाही. विधानसभेनं विलीनीकरणाचा ठराव केलेला असताना जनमत कौलाची गरजच काय होती? — एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा

काका, घालवायला तो आपल्या खिशात कधी होता?

ठराव झाला होता, १९६५ मध्ये, हे तुमचं बरोबर. दयानंद बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं बहुमत होतं आणि त्यांना महाराष्ट्रात यायचं होतं. पण आपलं सभागृहच बुडवून टाकण्याचा ठराव साध्या बहुमतावर करावा का, हा प्रश्न विरोधकांनी लावून धरला आणि माझ्या मते तो योग्य होता. आमदारांना कारभार करायला निवडून दिलं होतं. संसदेनं १९६६ मध्ये कौलाचा कायदा केला. बांदोडकरांनी राजीनामा दिला, विधानसभा बरखास्त झाली, आणि १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. विलीनीकरणाची खूण फूल, केंद्रशासित राहण्याची दोन पानं. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१.

आणि मग मार्चमध्ये त्याच मतदारांनी बांदोडकरांनाच पुन्हा मुख्यमंत्री केलं! माणूस हवा, त्याचा कार्यक्रम नको. इतकं स्पष्ट बोलणारा मतदार मला महाराष्ट्रातही क्वचित दिसला.

त्याच दिवशी दमण आणि दीवलाही विचारलं होतं, गुजरातेत जायचं का म्हणून. त्यांनीही नाही म्हटलं. म्हणजे १९६७ मध्ये विधानसभा नव्हती तरी त्यांना विचारलं, आणि १९८७ मध्ये विधानसभा असून विचारलं नाही. वरच्या उत्तरात मी जे लिहिलं ते याच्याशेजारी ठेवून वाचा.

आता तुम्ही हिशेबाचे पक्के म्हणून थोडा हिशेब. आपल्याकडे एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ. गोव्याच्या लोकसभेच्या दोन जागा. विलीन झाला असता तर गोव्यातून साधारण बारा आमदार नरिमन पॉइंटला आले असते. आज पालघर वेगळं झाल्यावर उरलेल्या आपल्या ठाणे जिल्ह्याचे आमदार आहेत अठरा. म्हणजे मुरगावच्या बंदरावर, खाणींवर, किनाऱ्यावरच्या बांधकामांवर बोलायला बारा जण, तेही दोनशे अठ्ठ्याऐंशींच्या गर्दीत, नागपूरच्या अधिवेशनात विदर्भाच्या अनुशेषानंतर वेळ उरला तर. त्याऐवजी त्यांच्याकडे आज चाळीस आहेत. मी त्या सभागृहात खाली बसून वेळेसाठी झगडणारे आमदार पाहिलेत. कोकणातले तर फार. गोवेकरांनी शहाणपणा केला. तुम्ही रागावणार हे माहीत आहे. मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या पायऱ्यांवर भेटलात की बोलू, पत्रात नको.

प्रश्न : ताई, आमच्या महापालिकेची मुदत २०२० मध्ये संपली आणि निवडणुकीऐवजी प्रशासक आला. कितीतरी काळ नगरसेवक नव्हते. दमण-दीवमध्ये आमदार नाहीत म्हणजे तिथे कायमचं असंच का? कायदे कोण करतं? — एक वाचक, ऐरोली

कारभाराची चव सारखी लागेल, पण कायद्यानं दोन्ही वेगळं आहे. नवी मुंबईत सभागृह होतं, आहे, फक्त ते भरलेलं नव्हतं. निवडणूक लांबली तरी ती घ्यायचीच असते. उशिराला कारणं द्यावी लागतात, कोर्टात जाता येतं. दमण-दीवला विधानसभाच दिलेली नाही, त्यामुळे तिची निवडणूक मागायला जायचं तरी कुठे? ग्रामपंचायती आहेत, नगरपालिका आहेत, लोकसभेचा खासदार आहे. मधला मजला नाही.

कायदे संसद करते. शिवाय अनुच्छेद २४० खाली राष्ट्रपती तिथल्यासाठी विनियम काढू शकतात, आणि त्या विनियमाला संसदेच्या कायद्याचंच बळ असतं. ज्या कामासाठी आपल्याकडे विधेयक, तीन वाचनं, कलमवार चर्चा, हरकतीचे मुद्दे, सभात्याग आणि रात्री साडेदहापर्यंतचं कामकाज लागतं, ते तिथे राजपत्रातल्या एका अधिसूचनेत होतं. सोयीचं आहे, हे मान्य. माझ्यासारख्या प्रतिवेदकाची तर त्यात नोकरीच उरत नाही.

२६ जानेवारी २०२० पासून दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. विधानसभा त्यालाही नाही. ज्यांना आहे असे आता तीनच, दिल्ली, पुदुच्चेरी आणि जम्मू-काश्मीर. त्यातलं जम्मू-काश्मीर तर उलट्या दिशेनं आलं, राज्याचं केंद्रशासित झालं.

प्रश्न : अमेरिकेतही आधी प्रदेश आणि मग राज्य अशी पद्धत होती ना? तिथे शेवटचं अधिवेशन कसं व्हायचं? मुलगा तिकडे असल्यानं कुतूहल. — एक वाचक, वाशी

होती, आणि तिथे ती फार जुनी. अलास्काचं प्रादेशिक विधानमंडळ १९१३ मध्ये राजधानीत, जुनोला, पहिल्यांदा भरलं आणि त्यानं केलेला पहिलाच कायदा स्त्रियांना मताधिकार देणारा होता. देशभरातल्या स्त्रियांना तो मिळायला अजून सात वर्षं होती. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. अलास्का ३ जानेवारी १९५९ ला राज्य झालं.

हवाईचं थोडं मजेशीर आहे. १९५९ मध्ये तिथलं प्रादेशिक विधानमंडळ होनोलुलूत भरलेलं असतानाच, १८ मार्चला, तिकडे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी राज्याच्या कायद्यावर सही केली. कामकाज चालू असतानाच आपलं सभागृह आता शेवटचं हे सदस्यांना कळलं! जूनमध्ये लोकांचा कौल घेतला, तो प्रचंड बहुमतानं राज्याच्या बाजूनं गेला, आणि २१ ऑगस्टला हवाई पन्नासावं राज्य झालं. तिथे मात्र जुने सदस्य आपोआप पुढे गेले नाहीत, राज्याच्या विधानमंडळासाठी नव्यानं निवडणूक झाली. मुलाला सांगा, सुट्टीत जुनोला जाऊन ये. बोटीनं किंवा विमानानंच जावं लागतं, रस्त्यानं त्या राजधानीत पोचता येत नाही. दमणच्या आमदाराला ते ऐकून जरा धीर आला असता.

प्रश्न : मॅडम, मी राज्यसेवेची तयारी करतो. पुस्तकात आहे की विधानसभेत किमान ६० सदस्य हवेत. मग गोव्यात ४० कसे? क्लासमध्ये सर म्हणाले, ‘अपवाद आहे, पाठ कर.’ — एक विद्यार्थी, कळवा

सरांचं बरोबर आहे, पण पाठ केलेलं मुख्य परीक्षेपर्यंत टिकत नाही, म्हणून कारण समजून घ्या.

अनुच्छेद १७० प्रमाणे राज्याच्या विधानसभेत थेट निवडून आलेले सदस्य ६० पेक्षा कमी नसावेत आणि ५०० पेक्षा जास्त नसावेत. गोव्यात १९८७ मध्ये उरत होते अठ्ठावीस. राज्य करायचं तर एक तर नियम मोडायचा किंवा नियमालाच वाट काढून द्यायची. म्हणून त्याच वेळी छप्पन्नावी घटनादुरुस्ती झाली आणि अनुच्छेद ३७१-झ आला, तुमच्या इंग्रजी नोट्समध्ये तो ३७१-आय असेल. त्यात गोव्यापुरता किमान आकडा तीस केला. सिक्कीम, मिझोराम, अरुणाचल यांनाही अशीच वेगवेगळी कलमं आहेत. ती याच ३७१ च्या मालिकेत शेजारी शेजारी बसलेली सापडतील, एका बैठकीत वाचून टाका.

आता तुमच्यासारखा चौकस विद्यार्थी विचारेल, किमान तीस आणि हंगामी विधानसभेत अठ्ठावीस, हे कसं? तर पुनर्रचना कायद्यानंच त्या हंगामी सभागृहाला नवी निवडणूक होईपर्यंत विधानसभा मानलं होतं. चाळीस जागांसाठी मतदान झालं ते १९८९ मध्ये. बहुपर्यायी प्रश्नात ‘१९८७ मध्ये गोवा विधानसभेत ४० सदस्य होते’ असा पर्याय आला तर त्यावर काट मारा.